वीस इंची चाक

संपात बंद पडलेल्या गिरणीच्या दगडी चौथऱ्यांवर सायकल उड्या मारत चढवायला प्रबोधला मीच शिकवलं. चार महिन्यांत पठ्ठ्या माझ्या पुढे गेला आणि माझं डोकं फिरलं. अशा उड्यांसाठीच बनवलेली नवी ट्रायल्स सायकल घेताना तो मलाच विचारायला आला, "चाक वीस इंची घेऊ, की तुझ्यासारखं सव्वीस?"

त्याच्यासारखा सहा फुटी माणूस लहान पोरांच्या सायकलवर बघून चाळ हसेल, म्हणून मी म्हटलं, "वीस घे रे, डोळे मिटून."

भीमजयंतीला मंडळानं आम्हा दोघांना सायकलवरून चाळीचा जिना चढून दाखवायला सांगितलं. आधी मी गेलो. पहिल्याच अरुंद वळणावर माझं चाक भिंतीला अडलं आणि मी पाय टेकला. प्रबोध त्याच वळणावर मागच्या चाकावर गर्रकन फिरला आणि थेट तिसऱ्या मजल्यावर पोचला. गॅलऱ्या शिट्ट्यांनी दणाणल्या. वरून तो ओरडला, "चाक ह्यानं निवडलंय!"

लोक माझ्यासाठीही टाळ्या वाजवायला लागले. आई तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

"एवढं कळत होतं तुला," ती म्हणाली, "मग स्वतःला सव्वीस कशाला घेतलंस?"