पिशवीची जागा

"म्हणजे रविवारी जो कामावर जाईल, त्याला गायनमंडळात जागा नाही. साधी गोष्ट आहे," मास्तर म्हणाले आणि ठरावाचा कागद त्यांनी टेबलावर असा आपटला की माझ्या बशीत चहा सांडला.

उपासना संपून अर्धा तास झाला होता. चर्चमागच्या खोलीत आम्ही पंचवीसेक जण बसलो होतो. मास्तर म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यांत ज्येष्ठ पंच. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून सगळ्यांना पहिलीतलेच समजतात.

"मग रविवारी कुणी आजारी पडायचं नाही, असाही ठराव करा," नर्सबाई म्हणाल्या. गायनमंडळात सगळ्यांत गोड गळा त्यांचाच, आणि महिन्यातले दोन रविवार त्यांची ड्यूटी. "अहो मास्तर, शब्बाथाचे, त्या विसाव्याच्या दिवसाचे, नियम जुन्या काळच्या लोकांना होते. आपल्याला कृपेनं मोकळं केलंय."

"मोकळं केलंय म्हणून चोरी करतो का आपण? दहापैकी नऊ आज्ञा चालतात आणि ही एकच बरी जुनी झाली!"

"पाळायचाच तर शनिवार पाळा ना," कोपऱ्यातून शिंपीभाऊ ओरडले. "शब्बाथ म्हणजे सातवा दिवस. मी केव्हाचा बोंबलतोय, कुणी ऐकेल तर शपथ!"

"प्रभू ज्या दिवशी मरणातून उठला, तो दिवस आपण..." पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, सुरुवात केली, पण ते वयानं लहान, त्यांना पुढं कोण बोलू देतंय!

आणि या सगळ्या गदारोळात एक माणूस हातात किटली घेऊन कप भरत फिरत होता. तो माझा नवरा. एकतीस वर्षं या चर्चचा शिपाई. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं चावीकाका. आता पाळकसाहेबही तेच म्हणतात. रविवारी पहाटे पाचला हे घराबाहेर पडतात. खिडक्या उघडायच्या, बाकं पुसायची, घंटा, माइक. उपासना सुरू झाली की मागचं दार धरून उभं राहायचं, कारण वाऱ्यानं ते धाडधाड आपटतं. मग चहा, मग कपबश्या, मग कुलपं.

मी सहा दिवस लाँड्रीत उभ्यानं इस्त्री करते. रविवारी तिसऱ्या रांगेत बसते. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी हे म्हणाले होते, "शेजारी पिशवी ठेव, आलोच मी." तेव्हापासून ठेवतेय. "इथं कुणी आहे का?" असं कुणी विचारलं की मी सांगायची, "आहेत, येतायत." पुढं पुढं लोकांनी विचारणंच सोडलं. पिशव्या चार बदलल्या, हे काही आले नाहीत.

"तर जो कुणी रविवारी पगारासाठी हात हलवेल," मास्तर म्हणत होते, आणि बोलता बोलता त्यांनी कप पुढं केला. "चावीकाका, अर्धा कप द्या जरा."

माझं डोकंच फिरलं.

"मास्तर, तो कप आधी खाली ठेवा."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली.

"रविवारी काम करणाऱ्याला जागा नाही ना? मग ह्यांचं काय? एकतीस वर्षं दर रविवारी पगारी काम करतायत. तुमचा शब्बाथ ह्यांच्याच जिवावर चाललाय की!"

"अगं, गप्प बस," हे पुटपुटले. "चहा गार होतोय."

"होऊ दे गार!"

शिंपीभाऊ खो खो हसले. मास्तरांचे कान लाल झाले. पण मास्तरांचं एक आहे, माणूस हट्टी असला तरी लबाड नाही. कप खाली ठेवून त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

"बाई बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. पुढच्या रविवारी चावीकाकांना सुट्टी. घंटा, माइक, चहा, सगळं मी बघतो. ठरावाचं त्यानंतर. आणा त्या चाव्या."

ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मास्तरांनी किडनी मागितली.

तो आठवडा घरात नुसता वैताग होता. जेवताना मध्येच ह्यांचा घास थांबायचा.

"मास्तरांच्यानं ते दार उघडणार नाही. किल्ली उलटी घालून गुडघ्यानं ढकलावं लागतं."

"सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं. पण कुठला गुडघा ते सांगायचं राहिलं."

मी हसून हसून बेजार. पण शनिवारी संध्याकाळी बुटांना पॉलिश करता करता ह्यांनी हळूच विचारलं, "आणि माझ्याशिवाय सगळं नीट पार पडलं तर?"

मी म्हटलं, "तर पडलं. तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसा, मला दुसरं काही नको. एकतीस वर्षं पिशवीशेजारी बसतेय मी."

हे झालेल्याच बुटाला पुन्हा पॉलिश करत बसले.

रविवारी मी इस्त्री केलेला शर्ट घालून हे तिसऱ्या रांगेत आले. आधी बाकावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. धूळ. बसले. मग माझी पिशवी मांडीवर घेऊन तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"खाली ठेवा ना ती."

"खाली पण पुसलेलं नाही."

तेवढ्यात घंटा सुरू झाली. नेहमीच्या नऊ ठोक्यांऐवजी सहा झाले, मग शांतता, मग एकदम चार. "दोरी सोडायची असते हो," हे तोंडातल्या तोंडात म्हणाले. "लोंबकळायचं नसतं." मास्तर आत आले ते कॉलर वाकडी आणि विस्कटलेले केस घेऊन. पाळकसाहेबांनी माइकला तोंड लावलं आणि माइकनं अशी किंकाळी फोडली की पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं. मास्तर एकेक बटण दाबत सुटले. सगळी मंडळी मान वळवून ह्यांच्याकडे बघायला लागली. हे अर्धे उठले. मी शर्ट धरला.

"बसा."

हे बसले. पण हात काही ऐकेना. मास्तरांना तीन बोटं दाखवली आणि मग छताकडे बोट केलं. मास्तरांनी तीन नंबरचा पंखा बंद केला. माइक गप्प.

"एवढंच केलं," हे माझ्या कानात म्हणाले. चेहरा काय फुलला होता!

"तेवढं चालतं," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी उपदेशाला विषय घेतला होता विसाव्याचा. त्यांची पाच वाक्यं झाली असतील नसतील, माझ्या डाव्या खांद्यावर एकदम वजन आलं. बघते तर हे गाढ झोपलेले. तोंड उघडं. थोड्या वेळानं घोरायलाही लागले. मागची रांग फिदीफिदी हसली. मला लाज वाटायला हवी होती, पण मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पाळकसाहेब माइकपासून दूर सरकले आणि हळू आवाजात बोलायला लागले.

मागचं दार एकदाही आपटलं नाही. खांदा न हलवता मी कशीबशी मान वळवली. मास्तर दोन्ही हातांनी दार धरून उभे होते. पाऊण तास तसेच.

आशीर्वाद झाला. शेवटची घंटा द्यायला मास्तर दोरीपाशी गेले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. त्यांनी दोरी सोडून दिली. आमची मंडळी कधी नव्हे ती आवाज न करता बाहेर पडली. जाता जाता शिंपीभाऊ वाकून कुजबुजले, "शनिवार असो नाहीतर रविवार, पाळला तो ह्यांनीच!"

मग मास्तर आले. चाव्या वाजू नयेत म्हणून त्यांनी जुडगा आपल्या रुमालात गुंडाळला होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"आणि ठरावाचं?" मी विचारलं.

"गाऊ दे नर्सबाईंना," ते म्हणाले. गुडघा चोळत ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. "मी थांबतो इथंच. दाराला कुलूप लावायचं आहे. कुठला गुडघा, ते उठले की विचारून सांगा. घाई नाही."

ह्यांच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली होती, धुळीत. चाव्या मी मांडीवर ठेवल्या. माझा उजवा हात मोकळा होता, ती उचलता आली असती. मी नाही उचलली.