वर नाही ते खाली नको

मोजणीदार निवृत्त झाला, तरी नीटनेटकेपणाची खोड गेली नाही. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या वेगळ्या डिस्कवर बायकोच्या आवाजातल्या एकशे चौदा गोष्टी होत्या, नातीसाठी, घशाच्या ऑपरेशनआधी महिनाभर बसून रेकॉर्ड केलेल्या. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तो गेलाच. आता ती पाटीवर लिहून बोलायची. गोष्टी मात्र तिनं एकदाही ऐकल्या नव्हत्या. धीरच होत नव्हता.

खालच्या कॉम्प्युटरवर त्यांची नक्कल रोज दुपारी चारला आपोआप व्हायची. दोन्ही यंत्रं लिनक्स प्रणालीवर चालणारी, वरचा फोल्डर तारेतून खाली दिसायचा. नियम त्यानंच घातलेला: वर आहे तेच खाली, वर नाही ते खालूनही पुसायचं. पसारा नको म्हणे! आता काय बोलावं या माणसाला.

दोन दिवस वरचा फोल्डर खाली उघडेना, म्हणून नक्कलही अडून बसली होती. म्हातारा सकाळपासून हट्टाला पेटला. तार बदलली, परवानग्या तपासल्या, जेवणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

साडेतीनला बायको खाली आली. पाटीवर लिहिलं होतं, "अहो, वरची डिस्क कालपासून टकटक करत होती. आता गप्प झालीय."

"आधी हे होऊ दे गं," तो मान वर न करता म्हणाला. ती खुर्ची ओढून तिथंच बसली. तिला भीती वाटत होती.

चारला पाच कमी असताना घोडं कुठं अडलंय ते कळलं. वरच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला, आणि इथं जुनाच लिहिलेला. त्यानं नवा घातला, फोल्डर पटकन उघडला. "बघ, जमलं की नाही?"

पण आत काहीच नव्हतं.

तो धापा टाकत वर गेला. डिस्क मेली होती. ती जिथं उघडायची तो फोल्डर तेवढा कॉम्प्युटरवर उरला होता, रिकामा. असू दे, खाली नक्कल आहे, असं मनाशी म्हणत तो जिना उतरू लागला आणि अर्ध्यावर त्याला स्वतःचाच नियम आठवला. कठडा धरून तो उरलेल्या पायऱ्या धडपडत उतरला.

घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं. नक्कल बिनतक्रार पार पडली होती. दुरुस्तीच तशी चोख झाली होती. खालच्या फोल्डरात एकही फाइल उरली नव्हती.

बायकोनं पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली.

"झालं ना नीट? मग एक गोष्ट लावा. आज ऐकते."