शेवटच्या फेरीतला झेंडूचा हार

मी टीव्हीची छत्री बोलतेय. बिडकीनला आवडाबाईंच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी उभी आहे ना, तीच.

माझा जन्म कारखान्यातला. पण आभाळाकडे बघायला मला शिकवलं ते छत्र्या बसवणाऱ्या फारूखने. मोटारसायकलवर आडवी बांधून त्याने मला इथे आणलं, बोल्ट आवळले आणि बजावलं, "मावशी, हिच्या तोंडासमोर काय बी यायला नको. कपडे तर बिलकुल नको."

"ते ऱ्हाऊ दे. पर हिचं तोंड दक्षिणेला का केलं रं? चांगलं नसतंय ते."

"चित्र तिकडूनच येतंय, मावशी!"

तेव्हापासून माझ्यासमोर रुमालही वाळत पडला नाही, पण दक्षिणेचा सल काही आवडाबाईंच्या मनातून गेला नाही. माणसांची मोठी गंमत असते. मालिका रंगली की मी कुणाला आठवत नाही, चित्र अडकलं की पहिली शिवी मला.

फोनला रेंज गच्चीवरच मिळते, म्हणून घरातली बातमी मला आधी कळते. आवडाबाईंचा विश्वजीत आग विझवण्याचं शिक्षण घेऊन आखातात गेलेला. दोन वर्षं त्याचं तोंड दिसलं ते फोनवरच. गेल्या डिसेंबरात तो म्हणाला, "आई, मोटारींची वर्षातली शेवटची शर्यत इथं हाय. जगभराचे लोक बघतेत. माझी ड्युटी शेवटच्या वळणावर. हात हलवता येणार नाय, पर कमरेवर हात ठेवून उभा राहीन. नारंगी कपडे. बघशील ना?"

शर्यतीच्या संध्याकाळी खालून आवडाबाईंचा आवाज सारखा वर येत होता. "अगं, गाड्याच काय दावून ऱ्हायले? कडंची माणसं दावा म्हणावं!"

शर्यत संपत आली, तरी विश्वजीत दिसेना. मग मात्र बाईंचा धीर सुटला. दक्षिणेचंच हे! ताट घेऊन त्या धापा टाकत वर आल्या. मला हळदकुंकू लावलं आणि माझ्या पुढच्या दांड्याला झेंडूचा भरघोस हार घातला. "बाई, माझं लेकरू दाव."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला ओवाळलं. मी हरखून गेले. पण त्या दांड्याच्या टोकाला माझा डोळा असतो, हे त्यांना सांगणार कोण?

"आई, चित्र गेलं!" खालून लेक प्रेरणा ओरडली. "काय केलंस?"

"कुठं काय? हार घातला!"

"काढ तो! शेवटची फेरी हाय!"

दोरा दांड्यात गुंतला. एका हाताने माझा काठ घट्ट धरून आवडाबाईंनी दुसऱ्याने हार ओढला. तो तुटला, गच्चीभर झेंडू उधळला.

"आलं! आई, दादा! कमरेवर हात! पळ लवकर!" आणि लगेच, "गेला गं."

आवडाबाई जिन्याकडे वळल्याही नव्हत्या. तुटका हार घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. "आई, दिसलो का?"

आवडाबाईंनी पदराने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि ठसक्यात म्हणाल्या, "दिसला की! समद्यांच्या आधी मलाच दिसला. प्रेरणाला मागून."

जिन्यातून वर आलेली प्रेरणा हसली आणि सांडलेला झेंडू वेचू लागली.

आता घरात इंटरनेटची वायर आली आहे. मला भंगारात द्यायचा विषय निघतो, पण आवडाबाई ऐकत नाहीत. सणावाराला हार घालतात, तो खाली, खांबाला. तुमच्या गच्चीवर माझी एखादी बहीण गंजत असेल, तर काढण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा एवढंच मागणं.

आणि आवडाबाई त्या दिवशी खोटं बोलल्या, असं प्रेरणा अजून चिडवते. पण पडद्यावरचा विश्वजीत घरात आला तो माझ्यावरून, आणि तेव्हा त्यांचा हात माझ्या काठावर होता. आता तुम्हीच सांगा, तो आधी कुणाकडे आला?