रिकाम्या घरातली शिट्टी

श्रुतिकाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाचवी चिठ्ठी उचलली, तेव्हा दत्तारामांनी चष्मा काढून उगाचच सदऱ्याने पुसायला घेतला.

मुलुंडच्या त्या वाचनालयात महिन्यातून एकदा परदेशी सिनेमा दाखवत. नंतर चहा, आणि चहाबरोबर प्रेक्षकांच्या निनावी चिठ्ठ्यांचं वाचन. दोन वर्षांत दत्तारामांनी एकही चिठ्ठी ऐकायची चुकवली नव्हती आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आपलं मत म्हणजे कुठल्यातरी पुस्तकातलं उष्टं, असंच त्यांना वाटे. आजचं तेवढं स्वतःचं होतं.

"'या फिनलंडच्या बाईचा नवरा वाईट नाही,'" श्रुतिका वाचू लागली. "'तरी तो घरात असेपर्यंत ती शिट्टी वाजवत नाही. तो होडी घेऊन गेला, की मासे खारवता खारवता वाजवते. दिग्दर्शकाला बाईची कीव आली. मला नवऱ्याची आली. घरात एवढी सुरेल शिट्टी, आणि ऐकायची तर चोरासारखं दाराबाहेर उभं राहायचं.'"

"झकास!" मागून भाऊ म्हणाले. "बाईनेच लिहिलंय. पुरुषाला सुचायचं नाही हे. उत्तराताई, तुम्हीच ना?"

"छे हो! मला मध्येच डुलकी लागली होती."

"ज्यांनी लिहिलंय त्यांनी सांगा ना," श्रुतिका म्हणाली. "पुढच्या सिनेमाआधी दोन शब्द त्यांनीच बोलायचे."

दत्तारामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. पण उठावं, तर शेजारी बायको, जानकी, बसलेली. कित्येक वर्षं वाचनालयातून परतल्यावर ते हातात किल्ली धरून तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्याच दाराबाहेर थांबत आले होते, आतली शिट्टी संपेपर्यंत. तिला कळलं तर ती थांबेल, कायमची.

श्रुतिकाने चिठ्ठी उंच धरली. दत्तारामांनी घाईत दिनदर्शिकेचं फाडलेलं पान वापरलं होतं. पाठीमागे जानकीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: नारळ, आमसुलं, चहापूड.

जानकीने कप खाली ठेवला. पान नीट पाहिलं. मग त्यांच्याकडे न बघताच कोपराने ढोसलं.

"उठा की. का मी उठू?"

ते उठले. "मी," एवढंच म्हणाले.

 आधी भाऊंच्याच टाळ्या वाजल्या. "काय राव दत्ताराम! दोन वर्षं गप्प बसून आम्हाला गंडवलंत?"

घरी परतताना जानकी फक्त नारळाबद्दल बोलली. दुसऱ्या मजल्यावर ते नेहमीसारखे दम खायला थांबले. ती किल्ली घेऊन पुढे गेली. कुलूप उघडलं. दार लागल्याचा आवाज मात्र आला नाही.

मग शिट्टी सुरू झाली. दत्ताराम सवयीने कठड्याला टेकून उभे राहिले.

सूर मध्येच थांबला, कुणाची तरी वाट पाहावी तसा. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

ते उरलेल्या पायऱ्या चढू लागले.