चौकटीतलं कोपर

नागोजीनं करवतीची दांडी उजवीकडं ढकलली, लोखंडी पट्टीवर पंचेचाळीसच्या खुणेला आणून थांबवली आणि खालचा स्क्रू आवळला. रद्दी फळीचे दोन तुकडे कापले, टोकाला टोक भिडवलं, आतल्या बाजूला गुण्या धरला आणि सगळं दारातल्या उजेडापुढं उचललं. सांध्यातून उजेड आला नाही.

"बघा वैनी, मुंगीबी जायाची न्हाय."

मनुबाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर धडप्यात गुंडाळलेला फोटो घेऊन. मुंगीत तिला काही गोडी दिसली नाही.

"त्या करवतीवर नगं, भावजी. हातानं कापा."

"का?"

"वर्षश्राद्ध हाय सोमवारी. हिनं कापलेल्या चौकटीत बसवलं, तर ह्ये भिंतीवरनंबी उठून जातील."

हे अगदीच अशक्य नव्हतं. मनुबाईचा नवरा भावकू एकदा उठून गेला होताच. खासबागेतल्या या दुकानात नागोजी आणि भावकू मिसरूड फुटल्यापासून शेजारी शेजारी बसून फोटोच्या चौकटी करत. दोन करवती एका ठेक्यात चालायच्या. एक थांबली की दुसरीला खोकला यायचा. नागोजीच्या सांध्याचं नाव तर इतकं झालं होतं, की एखाद्या नवराबायकोचं जमलं की लोक म्हणायचे, नागोजीचा सांधा हाय. हे कुणी सुरू केलं, कुणास ठाऊक.

मग मुंबईहून आगगाडीनं ही करवत आली. लोखंडी पाळण्यात बसवलेली, हव्या त्या कोनात वळणारी. नागोजीनं तिला हार घातला आणि कॅम्पातला फोटोवाला बोलावला. भावकूनं करवत एकदा बघितली. "हिला दात हाईत अण्णा, डोळं न्हाईत," म्हणाला आणि निघाला. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

बाकीची माणसं फोटोत येतात. भावकू फोटोतून जाताना सापडला. मधोमध हार घातलेली करवत, शेजारी तिच्याशी नुकतंच लगीन लागल्यासारखा नागोजी, आणि डाव्या कडेला एक कोपर. त्यानंतर भावकूनं घराच्या परसात वेगळं काम मांडलं. दोघं पुन्हा बोलले नाहीत. गेल्या माघात तो तापानं गेला, तेव्हा घर धुंडाळूनही त्याचा दुसरा फोटो निघाला नाही. भेटायला आलेले लोक कोपर बघून "हुबेहूब भावकू" म्हणत डोळे पुसत होते. फक्त गंध कुठं लावायचा, यावर भाऊबंदांचं अजून एकमत नव्हतं.

नागोजीनं फोटो पालथ्या हातानं पुसला.

"मला आन् करवतीला कापून काढू का ह्यातनं?"

"ऱ्हाऊ द्या. निस्तं कोपर कुणाचं, ते कसं कळायचं?"

त्यानं माळ्यावरची जुनी हातकरवत काढली. कणकुंबीकडचं सागवान घेतलं, गुण्यानं तिरप्या रेघा मारल्या आणि कापायला बसला. हात चालू लागला तशी त्याची मान आपोआप डावीकडं वळली. पूर्वी काप संपत आला की भावकू तिकडून एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "बसला." आता तिकडं भिंत होती. तिनं काही मत दिलं नाही.

तीन कोपरे बरे जमले. चौथ्यात खिळा जाईल एवढी फट राहिली. नागोजीनं टोक घासलं, पुन्हा भिडवलं. फट आतून मिटली आणि बाहेरून उघडली.

"सहा वर्सं मशिनीवर काम केलं वैनी. माझा हात गेला."

मनुबाईनं चौकट हातात घेऊन फटीवर बोट फिरवलं.

"हात हाय तसाच हाय की."

नागोजीनं वर बघितलं.

"पयलंबी ही फट ऱ्हायाचीच," ती सरळ आवाजात म्हणाली. "तुमी राती जेवायला घरी गेलासा, की ह्ये मागं थांबायचे. मी भाकरी घिऊन यायची. सरसात भुसा कालवून एकेक फट भरायचे. म्हणायचे, अण्णाला कळाय नगं."

नागोजीनं गुण्या उचलला, पुसला, होता तिथंच ठेवला.

"ही करवत आली, त्या दिवशी घरी आले आन् पाणीबी न पिता बसले. म्हणले, आता अण्णाला कुणी लागायचं न्हाय."

नागोजीनं फोटोतल्या त्या कोपराकडं बघितलं. मग त्यानं चुलीवरचं सरसाचं भांडं उतरवलं, पायाखालचा मूठभर भुसा उचलला, त्यातले खडे निवडले. अर्धा भुसा टाकला आणि काडी भांड्यातच थांबली.

"किती घालायचे हो ते भुसा?"

"ते मला कुठलं ठावं? दुकानात अंधार असायचा. मी निस्ता कंदील धरायची."

नागोजीनं आणखी चिमूटभर टाकला, ढवळलं, आणि काडी उजेडापुढं धरून एक डोळा मिटला.