पंपाची वायर

हिरव्या वायरवरची पांढरी रेघ मध्येच नाहीशी झाली होती, की आपल्याच अंगठ्याचं काळं तेल लागलं होतं तिला – तिनं वायर खिडकीच्या उजेडात धरली, चिंधीनं पुसली, पुन्हा पाहिली. रेघ होती. म्हणजे ही तापमानाच्या काट्याची, ही ठेवायची. इंजेक्टरच्या वायरी, एक्झॉस्टमधल्या सेन्सरची, आणखी कुठकुठल्या सेन्सरच्या, हा सगळा कापलेला गुंता तिच्या गुडघ्यांपाशी फरशीवर पडला होता. त्या ज्याला खबर द्यायच्या तो गाडीचा कॉम्प्युटर, सीटखालचा चपटा डबा, बाबांनी स्वतः उपटून कोपऱ्यात टाकला होता. तो बंद पडला आणि तसला दुसरा कुठे मिळेना, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बाबांनाच झाला. "दुखतंय कुठे हे न सांगणारा पेशंट," ते म्हणाले, आणि माळ्यावरून जुना कार्ब्युरेटर काढून घेऊन आले. "तेलाची कामं माझी, विजेची ठिणगीची."

ठिणगी म्हणजे मी. लिफ्टच्या कारखान्यात पॅनेलमध्ये वायरी जोडून पोट भरणारी, केस पांढरे व्हायला लागलेली बाई. पण बाबांच्या लेखी अजून ठिणगीच.

कापायच्या वायरी कापणं सोपं असतं. राहणाऱ्या ओळखताना जीव मेटाकुटीला येतो, कारण दोन्ही एकाच जुडग्यात, एकाच काळ्या पट्टीखाली वर्षानुवर्षं चिकटून बसलेल्या असतात आणि एक ओढली की दुसरी हलते... स्टार्टर झाला. कॉइल झाली. चार्जिंगचा दिवा झाला. राहिली ती निळी. नव्या पंपाची. बाबांनी टाकीजवळ कमी दाबाचा छोटा पंप बसवला होता, त्याच्याकडे वीज नेणारी. तिचं टोक डॅशबोर्डमागच्या रिलेत, पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या डबीत, खोचायचं की काम संपलं. हे टोक ती बराच वेळ नुसतं बोटांमध्ये फिरवत होती, आणि मग एकदम चिडून, जणू त्या वायरीनंच काही आगळीक केली होती, तिनं ते डॅशबोर्डच्या आत सोडून दिलं. लगेच पुन्हा बाहेर काढलं.

सकाळी दादाचा फोन आला होता. "अगं, एक वायर सोडून दे ना. कुठलीही. गाडी सुरूच होणार नाही. त्यांना गाडी चालवू नका म्हणायला नको, किल्ली लपवायला नको, भांडण नको. सुंठीवाचून खोकला गेला."

"आणि ते शोधत बसतील त्याचं काय?"

"बसू दे की. तेवढाच वेळ जाईल त्यांचा."

दादाला काय जातंय बोलायला, तो दुसऱ्या शहरात. पण तो चुकीचं बोलत नव्हता हेच जास्त खुपत होतं. मागे, हा कॉम्प्युटर धडधाकट असताना, बाबा एका दुपारी तिला आणायला म्हणून निघाले आणि तिच्या जुन्या कंपनीच्या फाटकाशी जाऊन थांबले – जी तिनं केव्हाच सोडली होती, जिथं आता गोदाम आहे. अंधार पडेपर्यंत थांबले. पहारेकऱ्यानं फोन केला तेव्हा ती धावत गेली, तर हे शांतपणे म्हणतात, "आज उशीर झाला तुला." आणि मग गाडीच्या डाव्या अंगाला तो ओरखडा. कुठे घासली बाबा? तर म्हणे, एक सायकलवाली मध्येच आली. पडली का ती? बाबा विचारात पडले. मनापासून विचारात पडले... आठवत नाही, असं ते म्हणाले. कुणीतरी एक सायकलवाली. कदाचित पडलीच नसेल. कदाचित घरी जाऊन आपल्या आईला म्हणाली असेल, एका म्हाताऱ्यानं...

"झालं का गं?" बाबा बाहेरच्या पायरीवरून.

"होतंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. समजावून सांगावं, तर त्यांना पटतं, डोळ्यांत पाणी आणून पटतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच शिल्लक राहत नाही. रोज नव्यानं त्यांना तेच सांगायचं, रोज नव्यानं तो चेहरा पाहायचा. तो चेहरा मला पाहवत नाही, खरं कारण हे. सायकलवालीची काळजी नंतर. जेवण झाल्यावर जेवायला कधी वाढतेस विचारणारा हा माणूस काल कार्ब्युरेटर उघडून बसला, तर बोटं आपली आपण चालत होती, फ्लोट, जेट, स्प्रिंग, एकदाही मान खाली घालून बघावं लागलं नाही. काम झाल्यावर त्यांनी शीळ घातली होती. त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी शीळ घातली नव्हती.

ते आत आले. तिनं पटकन डॅशबोर्डचं झाकण बसवलं. निळी वायर आतच होती, सुटी. ठरवून केलं, की ते आले म्हणून झालं, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. स्क्रू मात्र तिनं सगळे घट्ट पिळले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

बाबा सीटवर बसले, आरसा नीट केला, किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. मान किंचित तिरकी. पंप आधी टकटकतो, कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलनं भरत आली की टकटक मंदावते, तेव्हा स्टार्टर मारायचा. गॅरेजमध्ये आयुष्यभर त्यांनी सगळ्यांना हेच शिकवलं, घाई करणाऱ्याच्या टाळूवर टिचकी मारून शिकवलं. ते थांबून राहिले. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागलेला. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

मग त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन गरागरा फिरलं, फिरत राहिलं, पेटलं नाही. त्यांनी किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा मान तिरकी केली. आता म्हणतील, पंप बोलत नाही, ठिणगे, तुझं काम कच्चं. म्हणा ना. रागवा. म्हणालात की मी झाकण उघडते, दादा गेला खड्ड्यात...

पण त्यांनी डावा हात उचलला, करंगळी कानात घालून हलवली, दुसऱ्या कानात हलवली. चेहऱ्यावर भीती होती. जेवण विसरल्यावर, रस्ता विसरल्यावर, आईच्या मृत्यूचं साल विसरल्यावरसुद्धा ती तिनं कधी पाहिली नव्हती, कारण तेव्हा ते हसण्यावारी न्यायचे.

"पंप चालू असेल," ते हळूच म्हणाले. "वायरिंग तू केलंयस म्हणजे असणारच. मलाच ऐकू आला नाही."

"बाबा..."

"तुला आला ना?"

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. लहान मूल पाहतं तसं, पूर्ण भरवशानं. आणि तिला कळलं की उत्तर तयार आहे, 'हो', एवढंच, जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं. ते म्हटलं की गाडी कायमची थांबेल, कान गेले म्हणून ते आपणहून किल्ली तिच्या हातात देतील, आपणहून, आणि कुणालाच काही समजावून सांगावं लागणार नाही. इतकं सोपं आहे. इतकं सोपं असेल असं दादालाही वाटलं नसेल. तिला बाबांची भीती वाटत होती, रस्त्याची, त्या सायकलवालीची. इतके दिवस तिनं त्यांच्यावर नजर ठेवली होती. आता पहिल्यांदाच तिला वाटलं, आपल्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती. बाबा वाट पाहत होते, आणि तिचे ओठ उघडले होते.