हंसाबाईची जीभ

भावसिंगला जाऊन महिना झाला आणि हळदीच्या पानांवर करप्याचे डाग पडले. पुसदकडच्या त्या बंजारा तांड्यात करपा दरवर्षीच यायचा, आणि दरवर्षी भावसिंग रानातून निरगुडीचा नि करंजाचा पाला आणून त्याचा काढा फवारायचा. काढा पातळ राहिला तर करपा हटत नाही, जास्त आटला तर पानंच जळतात. मग ठरवायचं कसं? चाखून! पण तंबाखूचा खर्रा चघळून चघळून भावसिंगच्या जिभेची कधीच वाट लागलेली. म्हणून चाखायची त्याची बायको, हंसाबाई. थेंब जिभेवर ठेवायची, तोंड वाकडं करून थुंकायची आणि "झालं" म्हणायची. मग तो तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. तीस वर्षं हेच चाललेलं.

यंदा पाला हंसाबाईनेच आणला. महिनाभरात ती एकदाही रडली नव्हती. बाया कुजबुजायच्या, कुजबुजू देत. अर्धा एकर हळद त्याने आखाडात स्वतः लावलेली, त्याच्या हातची शेवटची. तेवढी तिला जाऊ द्यायची नव्हती.

काढा उकळला. तिने थेंब जिभेवर ठेवला आणि सवयीने तळहात पुढे केला. हात तसाच राहिला. मग तिच्या ध्यानात आलं, थेंब कडू लागलाच नव्हता. तिने आणखी पाला टाकला, आणखी जाळ घातला, पुन्हा चाखलं. नुसतं पाणी.

लेक राखी शेतातून आली. "याडी, सकाळपासून उकळूनच राह्यली का?" म्हणत तिने पळीतला थेंब जिभेला लावला आणि थू थू करत माठाकडे पळाली. "अवं, हे तं जहर झालं! तुले समजलं नाही?"

"मले काहीच लागत नाही," हंसाबाई म्हणाली. "तुहा बाप गेल्यापासून भाकरबी लागत नाही."

राखी पाण्याची घागर घेऊन आली. मग काढ्यात पाणी ओतत गेली, चाखत गेली, थुंकत गेली. शेवटी म्हणाली, "आता झालं."

फवारणीनंतर दहा दिवसांनी राखी धावत आली. हातात हळदीचं नवं पान, एकही डाग नसलेलं. "याडी, हळद वाचली!"

हंसाबाईने पान उलटंपालटं करून पाहिलं. आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. झाला नाही. ती घरात गेली, गुळाचा खडा आणून तिने लेकीच्या तळहातावर ठेवला. बोटांना लागलेला चुरा स्वतः चाटला, पुन्हा एकदा चाटला.

"गोड हाये का?" तिने विचारलं.

"हाये ना," राखी खडा चघळत म्हणाली.

"मंग झालं," हंसाबाई म्हणाली.